म्हस लिही, म्हैस नको

प्रिय मुली,

तुझ्या संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. अंगणवाडीत गोलात बसून बाई आणि मुलं काय बोलतात, हे बघायचं ठरवलंस, आवडलं. पण शेवटचा तक्ता बघून जीव घाबरला. बाईंचे प्रश्न किती, मुलांची उत्तरं किती, विषयाला धरून किती, सोडून किती. एवढं मोजून झालं की कळणार काय, तर बाई जास्त बोलतात. ते तर दारात चप्पल काढतानाच ऐकू येतं.

बाई विचारतात, मूल सांगतं, बाई ‘शाब्बास’ म्हणतात. ही तीन ठोक्यांची चाल सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड या भाषा-अभ्यासकांनी १९७५ साली इंग्लंडमधल्या वर्गांतून मांडली. ती तुला आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीत सापडेल, कसबा बावड्यात सापडेल, पहिल्याच दिवशी सापडेल. ती कुठं मोडते ते बघ. मोडते तिथं बस.

माझंच सांगते. २०१९ च्या पुरानंतर दोन-अडीच महिन्यांनी पंचगंगेकाठच्या एका गावात अंगणवाडीत बसले होते. मोबाईल सतरंजीच्या मधोमध. विषय ‘पाण्याचे उपयोग’.

बाई : पाणी कशाला लागतं?
मुलं : प्यायला! आंघुळीला!
एक मुलगी : आमची म्हस पाण्यातनं आली.
बाई : हां, म्हशीला पण पाणी लागतं. आणि कशाला लागतं?
तीच मुलगी : तिचं रेडकू न्हाई आलं.
बाई : अजून कोण सांगणार?

तुझ्या तक्त्यात ही पोर कशी जाईल सांगू? प्रतिसाद दोन, विषयाबाहेरचे दोन. सबंध तासात पाण्याबद्दल खरं काही बोललं असेल तर तिनंच, आणि ती जाणार शेवटच्या रकान्यात.

मग मी एक गाढवपणा केला. रेकॉर्डिंग टायपिंगला दिलं. टायपिंग करणाऱ्यानं मन लावून काम केलं, भाषासुद्धा सुधारून दिली. ‘आमची म्हैस पाण्यातून आली. तिचे रेडकू आले नाही.’ मोबाईलमध्ये जागा नव्हती म्हणून मी मूळ फाईल उडवली. तो कागद घेऊन त्या बाईंकडे गेले. त्यांनी वाचला, परत दिला आणि म्हणाल्या, “मॅडम, ती असं सलग न्हाई बोलली. मधी किती वेळ गप्प होती.”

किती वेळ? माझ्याकडे आता काहीच नव्हतं. सांगणार काय!

मी मनातल्या मनात त्या बाईंना दोष देऊन ठेवला होता, तेही सांगते. पोर एवढं सांगतेय आणि ह्यांना पाण्याचे उपयोग पडलेत! त्या कागदाकडे बघत म्हणाल्या, “माझ्या घरात कमरंएवढं पाणी होतं. तिला पुढं बोलू दिलं असतं तर मीच रडले असते. समोर अठ्ठावीस पोरं, काय करू?” कितीही बारीक लिहिलं असतं तरी कागदावर हे आलं नसतं. म्हणून रेकॉर्डिंग झालं की त्याच आठवड्यात बाईंच्या शेजारी बसून त्यांना ते ऐकव. आधी त्यांना बोलू दे. तू तपासणीला आलेली नाहीस, हे त्यांना पटायला दोन-तीन खेपा लागतील. रजिस्टरं भरून आणि मोबाईलवर माहिती चढवून त्या आधीच वैतागलेल्या असतात, त्यात तू वही घेऊन उभी.

लिहून काढायचं काम कुणाला देऊ नकोस. माझ्या हाताला दहा मिनिटांच्या गप्पांना चार तास लागतात. पोरं एकावर एक बोलत असली, पत्र्यावर पाऊस असला, खिचडीच्या कुकरची शिट्टी मधे आली तर जास्तच. चालतंय. मूल बोललं तसंच लिही. न्हाई, व्हय, म्हस, पाण्यातनं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. आणि आपण त्या अंगणातली भाषा कागदावर येताना दारातच ठेवायची?

गप्प बसणंही लिही, सेकंदात, कंसात. दोघं एकदम बोलले तर कुठल्या शब्दावर बोलणं चढलं तिथं चौकोनी कंस टाक. माणसांच्या गप्पांचा अभ्यास करणाऱ्या गेल जेफरसन यांची ही पद्धत आहे. सुरुवातीला किचकट वाटेल, आठवड्यात हात बसेल.

मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत विज्ञानाच्या तासांना हेच थांबणं मोजलं होतं. प्रश्न टाकल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबायला लागले तशी उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. आपल्या चार वर्षांच्या पोरांनाही तेच लागू होईल असं गृहीत धरू नकोस, मोजून बघ. त्यातही मूल बोलून झाल्यावर बाई किती थांबतात ते आवर्जून बघ. प्रश्नानंतरच्या थांबण्यापेक्षा मला ते मोलाचं वाटतं. म्हशीनंतर दोन सेकंद मिळाले असते तर रेडकाचं पुढं काय झालं तेही कदाचित आलं असतं.

परवानगीचे कागद पालकांच्या सह्यांनी घे, नावं बदल, ते तुला तुझे गाईड सांगतीलच. पोरांनाही विचार मात्र. “हे तुमचं बोलणं ऐकतंय, चालंल का?” एखादं नको म्हणालं तर मोबाईल बंद कर. नाराज होऊ नकोस, बहुतेक वेळा थोड्या वेळानं तेच पोर स्वतःचा आवाज ऐकायला मागतं.

तक्ता फाडू नकोस, बाजूला ठेव. सोमवारी दहा मिनिटांचं लिहून आण, हातानं. मोबाईल घेऊनच ये, फाईल न पुसता. चारनंतर ये, म्हणजे रंकाळ्यावर बसून दोघी ऐकू. घरात नातवाचा दंगा असतो.

तुझी,
बाई