चेकडिस्क म्हणतं सगळं ठीक, मग फाइल कॉपी का होत नाही?

प्रश्न: नमस्कार सर, वडिलांनी पूर्वी लिहिलेले लेख पंधरा-सोळा फ्लॉप्यांवर आहेत, सगळ्या साडेतीन इंची, 1.44 एमबीच्या. यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह घेतला आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरून चेकडिस्क (डिस्क तपासायची कमांड) चालवलं तर ते काही सेकंदांत सगळं ठीक आहे म्हणतं, पण फाइल कॉपी करायला गेलं की मध्येच सायक्लिक रिडंडन्सी चेकची एरर येते. खराब सेक्टर शोधणारा /आर पर्याय लावून चालवू का? आणि खराब फ्लॉपी फॉरमॅट करून परत वापरता येते का?

उत्तर: नमस्कार. /आर आत्ता अजिबात लावू नका, आधी फ्लॉपीची कॉपी काढा, मग काय ते बघू.

नुसतं चेकडिस्क चालवलं की ते फ्लॉपीचा सगळा पृष्ठभाग वाचतच नाही, फक्त फॅट (फाइलींच्या जागांचा तक्ता) आणि डिरेक्टरी (फाइलींची यादी) तपासतं, म्हणजे कुठली फाइल कुठल्या सेक्टरमध्ये, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यात, आहे त्याचा हिशोब जुळतो का एवढंच. बॅड सेक्टरचा आकडा दाखवला तरी तो आधी कोणीतरी फॅटमध्ये बॅड म्हणून खूण करून ठेवलेल्यांचाच असतो, नवीन खराब झालेला सेक्टर त्याला कळत नाही. तुमच्या फ्लॉपीवर 80 ट्रॅक (गोल पट्टे), दोन बाजू, दर ट्रॅकला 18 सेक्टर असे एकूण 2880 सेक्टर आहेत, प्रत्येक 512 बाइटचा, आणि प्रत्येकाबरोबर एक चेकसम (पडताळणीचा आकडा) लिहिलेला असतो, वाचलेला डेटा त्याच्याशी जुळला नाही की तुम्हाला दिसते ती एरर येते.

/आर लावलं की मात्र ते खरंच सगळे सेक्टर वाचतं, पण नुसतं वाचून थांबत नाही हो, फ्लॉपीवर लिहितंसुद्धा. जो भाग वाचता आला नाही तो बॅड म्हणून बाजूला टाकतं आणि फाइलमध्ये त्याच्या जागी दुसरा क्लस्टर (फाइलला दिला जाणारा जागेचा तुकडा) जोडतं. मी एकदा घाईत हे केलं होतं, फाइल उघडली पण मधली दोन पानं गायब, आणि ती परत कधीच मिळाली नाहीत. म्हणून एवढ्या कळकळीने सांगतोय.

तर आधी फ्लॉपी उलटी धरून कोपऱ्यातली छोटी सरकपट्टी अशी सरकवा की भोक उघडं दिसेल, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग धातूचं झाकण हळूच बाजूला करून आतली तपकिरी चकती उजेडात बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नका, कारण फ्लॉपीत ड्राइव्हचं वाचणारं हेड चकतीला टेकून चालतं, घाण हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते.

तपासायला लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालतं ती) सगळ्यात बरी. एलएसबीएलके चालवून फ्लॉपीला कुठलं नाव मिळालंय ते बघा (1.4 एम साइज दिसेल तीच), समजा एसडीबी असेल तर ही कमांड, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत:

बॅडब्लॉक्स -बी 512 -एसव्ही /डेव्ह/एसडीबी

हे फक्त वाचतं, पण -डब्ल्यू चुकूनही लावू नका, त्याने सगळा डेटा पुसला जातो. बॅड सेक्टर आला की ड्राइव्ह अडखळतो, करकर करत पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, घाबरू नका, चालू द्या. शेवटी जे नंबर येतात ते नीट बघण्यासारखे असतात. 1264, 1300, 1336 असे 36-36 च्या फरकाने आले तर शेजारशेजारच्या ट्रॅकवर एकाच कोनात खराबी आहे, म्हणजे डाग किंवा घडी. सलग आले तर बहुतेक हेडने गोल ओरखडा काढलाय. आणि 0 ते 32 मधले आले तर बूट सेक्टर, फॅट, रूट डिरेक्टरी तिथेच असते, तेव्हा जास्त काळजी घ्यायची, पण फॅटच्या दोन प्रती असतात त्यामुळे एक गेली तरी आशा असते.

मग इमेज, म्हणजे सगळ्या फ्लॉपीची सेक्टर-सेक्टर जशीच्या तशी कॉपी एका फाइलमध्ये, काढायची:

डीडीरेस्क्यू -डी -आर3 /डेव्ह/एसडीबी लेख1.आयएमजी लेख1.मॅप

ती मॅप फाइल जपून ठेवा, कुठले सेक्टर वाचले आणि कुठले राहिले याची नोंद तिच्यात असते. एखादा सेक्टर एका ड्राइव्हवर वाचलाच जात नाही आणि दुसऱ्यावर सहज वाचला जातो, कारण प्रत्येक ड्राइव्हच्या हेडची जागा किंचित वेगळी असते, म्हणून कोणाकडे दुसरा ड्राइव्ह मिळाला तर तीच इमेज आणि तीच मॅप देऊन कमांड परत चालवा (डेव्हाइसचं नाव बदललं असेल तर तेवढं बदलून), राहिलेलेच सेक्टर वाचले जातील. सगळ्याच फ्लॉप्या बॅड दिसत असतील तर दोष ड्राइव्हचा किंवा हेडवरच्या घाणीचा धरा, आधी क्लीनिंग डिस्कने हेड साफ करा.

इमेज हातात आली की तिचीही एक कॉपी ठेवा आणि जे काय रिपेअर करायचंय ते त्या कॉपीवर करा.

फॉरमॅट करून वापरायचं म्हणाल तर होतं, फॉरमॅट खराब सेक्टरवर खूण करून ते वगळतं, ट्रॅक 0 च गेला असेल तर मात्र होत नाही. पण चकतीचा थर एकदा सुटायला लागला की आज दोन सेक्टर, महिन्याने दहा. वडिलांच्या फ्लॉप्या मी तरी फॉरमॅट करणार नाही, लेबलवर तारीख घालून तशाच डब्यात ठेवेन.