घराच्या बागेत रात्रीचे पतंग पाहण्यासाठी प्रकाश सापळा कसा लावावा? दिवा कोणता घ्यावा आणि पेटी कशी बनवावी?

दिव्याचं आधी उरकतो. 160 वॉटचा मर्क्युरी बल्ब मिळाला तर तोच घ्या. वेगळा चोक लागत नाही, पण प्रचंड तापतो म्हणून होल्डर चिनीमातीचा हवा. नाही मिळाला तर अतिनील नळी. घरातला पांढरा एलईडी नको, त्यात अतिनील किरण जवळपास नसतातच. मागे दोरीवर पांढरी चादर, तिचं खालचं टोक जमिनीवर पसरलेलं. पाऊस उघडलेली, दमट, अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. झालं.

आता खरं बोलतो. मराठीत ‘प्रकाश सापळा’ शोधलात की घमेल्यात रॉकेलचं पाणी आणि वर बल्ब, हेच दिसणार. तो हुमणीचे, म्हणजे पिकांची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे मारायचा सापळा आहे, तिथे तो ठीक. पण रात्री उडतं ते सगळं मारायचंच, ही समजूत माझ्या घरातही आहे आणि तिच्याशी माझं जुनं भांडण आहे.

आमची संत्र्याची बाग वरूड तालुक्यात. बाग मोठा भाऊ बघतो, मी नोकरीला नागपुरात. पावसाळ्यात सुटीला गेलो की शेतातल्या खोलीसमोर चादर लावतो. कण्हेरीवर वाढणारा हिरव्या नक्षीचा हॉक मॉथ (जाड अंगाचा मोठा पतंग) येतो, तिळावरचा, पाठीवर कवटीची खूण असलेला, तोही येतो; हा हातात धरला की चक्क चिरचिरतो. दादाचं एकच पालुपद: “आधीच आंबियाची फळगळ, त्यात तू पाखरं बोलावतोस!” (आंबिया म्हणजे संत्र्याचा एक बहर.)

फळगळीला अनेक कारणं असतात. त्यातलं एक पाखरू आहे हे मलाही मान्य. पण कोणतं? रस शोषणारा पतंग दिव्याला फारसा येतच नाही, त्याला पिकल्या फळाचा वास लागतो. म्हणून एका रात्री दादाला टॉर्च घेऊन झाडांत नेलं. फळांवर बसलेले होते. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे नारिंगी, त्यांवर काळा पट्टा, आणि उजेडात डोळे निखाऱ्यासारखे. याची सोंड टणक, टोकाला काटेरी, सालीतून सरळ आत जाते. टाचणीएवढं भोक राहतं, दाबलं की रस येतो. मग बुरशी शिरते आणि फळ गळतं.

गंमत पुढे आहे. याची अळी संत्र्याला तोंडच लावत नाही. ती वाढते गुळवेलीवर, वासनवेलीवर. आमच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबावर गुळवेल आहे, कोरोनात वहिनीनं काढ्यासाठी लावलेली. सकाळी दादाला तिच्याखाली उभं केलं. मखमली काळपट अळ्या, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके, पानं खात बसलेल्या. दादा शांतपणे म्हणाला, “औषधी वेल आहे, हात लावायचा नाही.” आणि कृषी केंद्रवाल्यानं दिलेलं औषध नेहमीप्रमाणे संत्र्यावर मारलं!

पतंग रात्री बाहेरून येतो, रस पितो, जातो. दिवसा झाडावर फवारून त्याचं काय बिघडणार? बागेजवळचे वेल काढा, गळलेली फळं उचलून पुरा, कारण सडक्या फळांचा वास त्याला बोलावतो. फळं पिकायला लागली की संध्याकाळी बागेत धूर करा. कृषी विद्यापीठंही हेच सांगतात, मी पदरचं काही सांगत नाही.

आणि दिवा पाखरांना ‘बोलावतो’ हेही तितकंसं खरं नाही. 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीचे कीटक टिपले होते. उडताना ते उजेडाकडे पाठ करतात, कारण एरवी उजेड वरून, आकाशातून येतो. दिवा बाजूला असला की तोल फसतो आणि ते तिथेच गिरक्या घेत राहतात. म्हणजे जवळून जाणारं अडकतं. म्हणून तास-दोन तास बघा आणि दिवा बंद करा, रात्रभर ठेवू नका. नाहीतर पहाटे कोतवाल आणि बुलबुल चादरीवरच न्याहारी करतात.

पेटीचं राहिलं. नरसाळ्यावर दिवा, खाली पेटी, आत अंड्यांचे कागदी ट्रे म्हणजे पतंग त्यांच्या खळग्यांत बसून राहतात. सकाळी बघून झाडीत सोडायचे. मापं मला विचारू नका, मी पेटी वापरत नाही. समोर बसून बघण्यातच मजा आहे.

दोन गोष्टी सांभाळा. तापलेल्या मर्क्युरी बल्बवर पावसाचे थेंब पडले तर काच फुटते, आणि त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. शिवाय लाल-काळा, बारीक, लांबट किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा. चिरडलात तर कातडीवर भाजल्यासारखा चट्टा उठतो.

पुतण्या हे उत्तर दादाला पाठवणारच. तर दादा, वहिनीला एकदा विचार, गुळवेलीचा काढा आता घरात पितं कोण?