गॅसशेजारी कारंजं ठेवू का? (वाचकांचे प्रश्न : फेंगशुई विशेष)

यावेळी निम्म्याहून जास्त प्रश्न फेंगशुईचेच, म्हणजे घर-जागेच्या चिनी शास्त्राचेच आलेत म्हणून सगळे एकत्रच घेतेय. आधीच सांगून टाकते, "ची" नावाची ऊर्जा कुठल्या मीटरवर मोजता येत नाही आणि नाणी टांगून पगार वाढतो याला काडीचा पुरावा नाही. पण घर कुठे बांधावं, दार कुठे असावं, झोपावं कुठे, याचा चिनी लोकांनी शेकडो वर्षं बारकाईने विचार केलाय, आणि त्यातलं बरंचसं आपल्या नाशिकच्या फ्लॅटमध्येपण चालतं, तेही फुकटात. दुकानातून आणायच्या वस्तू हा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे आणि प्रश्न नेमके त्याचेच जास्त येतात, असो.

प्रश्न : ताई, इंदिरानगरला नवीन टू बीएचकेमध्ये राहायला आलोय. सासूबाईंच्या ओळखीचे गुरुजी म्हणाले आग्नेयेला किचन आहे, उत्तम. मिस्टर व्हिडिओ बघून सांगतात की आग्नेय हा पैशाचा कोपरा, तिथे पाण्याचं कारंजं हवं, आणि ते मागवूनही ठेवलंय. आता गॅसशेजारी कारंजं ठेवू का? रोज वाद होतात. कुणाचं ऐकू?

गुरुजी आपल्या वास्तुशास्त्राने बरोबर आणि मिस्टर फेंगशुईने बरोबर, तीच तर गोची आहे. आपली पंचमहाभूतं म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. चिन्यांची पाच तत्त्वं वेगळी, त्यांच्यात लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी येतात, वायू आणि आकाश त्या यादीत नाहीतच. आपल्याकडे आग्नेय अग्नीची, त्यांच्याकडे अग्नी थेट दक्षिणेला आणि आग्नेय लाकडाची. पाण्याने झाड वाढतं म्हणून लाकडाच्या कोपऱ्यात पाणी ठेवा असं ते गणित आहे. पाण्याची दिशा आपल्याकडे ईशान्य, त्यांच्याकडे उत्तर. म्हणजे दोन्ही शास्त्रं एकाच घरात पूर्ण लावायची म्हटली की ताई घरात राहायला जागाच उरायची नाही!

आणि हे इथेच संपत नाही. लिन युन नावाच्या गुरूंनी १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्लॅक हॅट म्हणून एक पंथ पसरवला, त्यात होकायंत्रच काढून टाकलंय, मुख्य दारातून आत बघत उभं राहायचं आणि सगळ्यात लांबचा डावा कोपरा तो पैशाचा. व्हिडिओवाले यातलं थोडं आणि त्यातलं थोडं घेऊन सांगतात त्यामुळे तुमच्या मिस्टरांना पुढच्या आठवड्यात पैशाचा दुसराच कोपरा सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

माझं मत विचाराल तर कुठलं तरी एकच धरा, आणि किचन ऑलरेडी तिथे आहे तर गुरुजींचं धरा, कारण ओटा हलवता येत नाही, कारंजं हलवता येतं. मिस्टरांचा मान ठेवायचाय ना, मग किचनच्या खिडकीत कढीपत्त्याची नाहीतर पुदिन्याची कुंडी ठेवा, ते "लाकूड" झालं की आणि फोडणीलाही हाताशी. सिंक आणि गॅस मात्र शक्यतो चिकटून नको हे दोन्हीकडे सांगतात आणि ते मलाही पटतं, पाणी उडून बर्नर गंजतात. कारंजं हॉलमध्ये लावलंच तर ते बंद ठेवून पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचे डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच होतात, आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगतात तो यासाठीच.

प्रश्न : जेलरोडला एक दक्षिणमुखी फ्लॅट बाकीच्यांपेक्षा बराच स्वस्तात मिळतोय. आई म्हणते यमाची दिशा, घ्यायचा नाही. फेंगशुई काय म्हणतं?

दादा, फेंगशुईत दक्षिणमुखी म्हणजे एक नंबर. बीजिंगचा राजवाडा, ज्याला निषिद्ध नगर म्हणतात, १४२० मध्ये पूर्ण झाला, तो अख्खा दक्षिणेला तोंड करून आहे. पाठीमागे उत्तरेला डोंगर हवा म्हणून खंदक खणताना निघालेल्या मातीची टेकडीच उभी केली आणि पुढच्या अंगाला पाण्याचा पाट फिरवला. पाठीशी डोंगर, समोर पाणी, हा त्यांचा मूळ आदर्श. त्यामागे साधं कारण आहे, तिकडे हाडं गोठवणारे वारे उत्तरेकडून येतात आणि थंडीतलं ऊन दक्षिणेकडून.

आपल्याकडे बीजिंगएवढी थंडी नाही पण डिसेंबर-जानेवारीत नाशिककर सकाळी शेकोटीला बसतातच ना, तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि दक्षिणेच्या गॅलरीत छान ऊन येतं. मे महिन्यात दुपारी तो जवळपास डोक्यावर असतो त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून फार आत येत नाही. घर तापवते ती पश्चिमेची भिंत, पावसाचा मारापण बराचसा त्याच बाजूने. तेव्हा फ्लॅट बघायला जाल तेव्हा होकायंत्रापेक्षा पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, ओल आहे का, रंगाचे पापुद्रे सुटलेत का.

अजून एक, तुमचं दार दक्षिणेला उघडतंय म्हणजे ट्यूबलाइटच्या पॅसेजमध्ये उघडतंय, तिथे कुठली आलीये दक्षिण! घराचं "तोंड" दार की गॅलरीची उजेडाची बाजू, यावर फेंगशुईवाल्यांचंच आपसात एकमत नाही. आईंशी वाद घालू नका, त्यांना एकदा सकाळी तिथे घेऊन जा. आणि बिल्डरसमोर मात्र आईंचंच वाक्य म्हणा, अजून थोडा भाव उतरेल. फक्त उद्या विकायला काढाल तेव्हा समोरचापण हेच म्हणणार आहे हे डोक्यात ठेवा.

प्रश्न : लाफिंग बुद्धा स्वतः विकत आणला तर चालत नाही, कुणीतरी गिफ्टच द्यावा लागतो म्हणतात. मनी प्लांटपण चोरून आणलेलाच लागतो का?

दोन्ही नाही. तो हसरा ढेरपोट्या म्हणजे गौतम बुद्ध नव्हेत, बुदाई नावाचा दहाव्या शतकाच्या सुमाराचा एक चिनी भिक्षू, झोळी घेऊन फिरायचा, लोक त्याला मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा अवतार मानायला लागले. आवडला तर आणा, फक्त टॉयलेटच्या दारापाशी किंवा चपलांच्या रॅकवर ठेवू नका, तेवढा मान राखायचा. मनी प्लांट तर चीनचापण नाही, मूळचा पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचा, आणि लकी बांबू हा बांबूच नाही, आफ्रिकेतलं ड्रेसीना जातीचं झाड आहे. शेजाऱ्यांच्या कुंडीतनं गुपचूप तोडण्यापेक्षा मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनी प्लांट उंचावर ठेवा, पान चावलं तर तोंडाची आग होते.

प्रश्न : मी सातपूर एमआयडीसीत आहे, एक आठवडाआड नाईट असते. नवीन घरात झोपच लागत नाही. बायको म्हणते बेडरूमची एनर्जी खराब आहे. बेडसमोर आरशाचा वॉर्डरोब आहे आणि डोक्यावर माळा.

तुमच्या मिसेसचं बरंचसं बरोबर आहे भाऊ. फेंगशुईत बेडचा नियम सोपा आहे, पडल्या पडल्या दार दिसलं पाहिजे पण पाय थेट दाराच्या रेषेत नकोत, डोक्यामागे भक्कम भिंत हवी, डोक्यावर बीम किंवा माळा नको आणि बेडसमोर आरसा नको. कारणं ते ऊर्जेची देतात, पण अर्धवट झोपेत समोर काहीतरी हललं की माणूस दचकणारच, मग ते आपलंच प्रतिबिंब का असेना. आरसा काढायची गरज नाही, त्यावरून पडद्याचा रॉड टाका नाहीतर दुकानातनं अपारदर्शक फिल्म आणून चिकटवा.

माळ्यावर काय काय आहे ते एकदा बघा बरं. बहुतेक घरांत पितळेचे हंडे, गणपतीचं मखर, जुने मिक्सर, लग्नातल्या सूटकेसा असतात आणि हे सगळं वजन झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर. शास्त्र कुठलंही असो, ते खाली उतरवा किंवा बेड दुसऱ्या भिंतीला घ्या. कुणी जन्मसालावरून तुमचा "कुआ नंबर" (शुभ दिशा ठरवायचा आकडा) काढून उत्तरेला डोकं करा सांगितलं तर ऐकू नका, चिन्यांना उत्तरेचं वावडं नाही पण आपल्या घरात उत्तरेला डोकं केलं की आई-वडील रोज टोकणार आणि टोमणे ऐकत कुणाला झोप लागते.

हे सगळं करूनही नाईटच्या आठवड्यात दिवसा झोप येत नसेल तर तो दोष बेडरूमचा नाही, शिफ्टचा आहे. उजेड दिसला की शरीराला वाटतं उठायची वेळ झाली. जाड काळपट पडदे लावा, ड्यूटीवरून घरी येताना गॉगल लावा, मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवा, बेलला आठवडाभर सुट्टी द्या. तरी महिनाभर असंच राहिलं तर डॉक्टरला दाखवा, विंड चाइम लावू नका, तो वाऱ्याने वाजून उलट झोप घालवेल.

प्रश्न : पाथर्डी फाट्याला राहतो. समोरच्या काकांनी दारावर अष्टकोनी आरसा लावलाय, थेट आमच्या दाराकडे. तेव्हापासून आमच्या घरात कटकटी वाढल्या. आम्ही त्याहून मोठा लावावा का?

अजिबात नको, नाहीतर तुमचा मजला हाँगकाँग होईल. तिथे १९९० मध्ये बँक ऑफ चायनाचा धारदार कोपऱ्यांचा टॉवर पूर्ण झाला, त्या धारा आपल्याकडे रोखल्यात म्हणून शेजारच्या एचएसबीसी बँकेने गच्चीवर तोफेसारख्या दिसणाऱ्या क्रेन त्याच्याकडे तोंड करून बसवल्या, असं तिकडचे लोक अजून सांगतात.

तो बागुआ आरसा. सरळ अंगावर येणारा रस्ता, जिना, इमारतीचा कोपरा यांच्यासमोर बाहेरच्या बाजूने लावायचा असतो, घरात कधीच नाही. काकांनी बहुतेक जिन्यासाठी किंवा लिफ्टसाठी लावलाय, तुमच्यासाठी नाही. चहाला बोलवून विचारा, "काका, थोडा वर तिरका कराल का, रात्री डोळ्यावर चमकतो." तुमच्याकडून दारात रांगोळी, तोरण आणि पॅसेजला एक चांगला दिवा एवढं पुरे, चिन्यांच्या हिशेबातपण दारातला उजेड आणि मोकळी जागा हीच मोठी गोष्ट, त्यामुळे तो चपलांचा ढीग तेवढा उचला. कटकटी आरशाच्या आधीपासूनच्या आहेत का हे मात्र तुम्हीच आठवून बघा.

प्रश्न : गंगापूर रोडच्या बाजूला गोदावरीकाठी रिव्हर व्ह्यू फ्लॅट बघितलाय. फेंगशुई कन्सल्टंट म्हणतात समोर पाणी म्हणजे लक्ष्मी. घ्यावा का?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडेल कारण फेंगशुई मुळात याच गोष्टीसाठी होतं. गुओ पू (इ.स. २७६ ते ३२४) याच्या नावावर सांगितला जाणारा एक जुना ग्रंथ आहे, तो घराचा नाही, दफनाची जागा कशी निवडावी याचा, त्यात म्हटलंय की ची वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते. म्हणून पाणी हवं. पण कसलंही पाणी नाही. नदी वळण घेते तिथे वळणाच्या आतल्या बाजूला घर असेल, म्हणजे नदीने कवेत घेतल्यासारखं, तर शुभ, आणि बाहेरच्या बाजूला असेल तर वाईट. यात जादू काही नाही, वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी जोरात आदळतं आणि काठ खातं, आतल्या बाजूला गाळ साठतो. तुमच्या कन्सल्टंटने नकाशावर वळण दाखवलं का? नसेल दाखवलं तर तो फक्त व्ह्यू विकतोय.

आता आपल्या नदीचं. पूर किती आला हे नाशिककर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतात, पाणी गुडघ्याला की छातीला की डोक्यावरून. सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना विचारा पाणी कुठपर्यंत आलं होतं. कागदावर बघायचं तर निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी नसते, दोन्हींच्या मधे असेल तर अटी असतात. बिल्डरच्या ब्रोशरवर विश्वास ठेवू नका, मंजूर नकाशा मागा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन रेषा कुठून जाते ते स्वतः बघा. पार्किंग खाली असेल तर तुमची गाडी आणि लिफ्टची मशीन कुठल्या लेव्हलला आहे तेपण विचारा. आणि एकदा भर उन्हाळ्यात जा, पात्रात पाणी आहे की पाणवेली, जवळ नाला मिळतोय का, वास येतो का, कारण घाण साचलेलं पाणी फेंगशुईतपण वाईटच धरतात. हे सगळं ठीक निघालं तर खुशाल घ्या, संध्याकाळी नदीवरून येणाऱ्या वाऱ्यासारखं सुख नाही.

प्रश्न : एका एक्स्पर्टने सांगितलं २०२४ पासून "नववा काळ" सुरू झालाय, आमचं घर आठव्या काळातलं म्हणून दार, देवघर, किचन सगळं बदलावं लागेल. एक लाखाचं पॅकेज आहे. बाथरूमपण लीक आहे, ते नंतर करू म्हणतात.

काळाचं म्हणाल तर ते खरंच त्यांच्या शास्त्रात आहे, फ्लाइंग स्टार नावाच्या फेंगशुईच्या एका पद्धतीत २० वर्षांचा एक असे नऊ काळ, मिळून १८० वर्षांचं चक्र, आणि २००४ ते २०२३ आठवा होऊन २०२४ पासून नववा लागला. पण म्हणून दर २० वर्षांनी चिनी माणूस घर पाडत नाही. नववा काळ अग्नीचा मानतात, फारच मनात असेल तर हॉलच्या दक्षिणेला एक पिवळ्या उजेडाचा दिवा लावा, झालं. देवघर तर फेंगशुईच्या एक्स्पर्टने हलवायला सांगावं हेच मला झेपलं नाही.

बाथरूम "नंतर" कसं काय? गळकं पाणी म्हणजे गळका पैसा हे तर त्यांच्याकडचं पहिलं वाक्य असतं. प्लंबरला आधी बोलवा, नहाणी ट्रॅप आणि टाइल्सचे जॉइंट चेक करा, खालच्या फ्लॅटच्या छताला डाग पडलाय का तेपण वर-खाली जाऊन बघा, आणि वॉटरप्रूफिंग करायचं निघालं तर पावसाळ्याच्या आत करून घ्या कारण जूनमध्ये कारागीर मिळत नाहीत आणि मिळाले तर भिंत वाळत नाही.