पहिल्यांदाच इम्बोल्क करताय?

पहिल्याच वर्षी आधुनिक पेगन पंथाचे, म्हणजे ख्रिस्तपूर्व युरोपीय धर्मांवरून प्रेरणा घेतलेल्या निसर्गपूजकांचे, आठही सण करायच्या मागे लागू नका. आठ सणांचं ते वर्षचक्र विसाव्या शतकात जुळवलेलं आहे. त्यातला एकच घ्या आणि मनापासून करा. माझं ऐकाल तर आयर्लंडचा इम्बोल्क, १ फेब्रुवारीचा. थंडी असतेच, पण मेंढ्यांना दूध येऊ लागलेलं असतं आणि तिथल्या परंपरेत वसंत तेव्हाच सुरू होतो.

आदल्या संध्याकाळी ब्रिजिडचा क्रूस विणा; ब्रिजिड म्हणजे जिला कुणी देवी मानतं, कुणी ख्रिस्ती संत. लव्हाळ्याच्या हिरव्या काड्या आणा. त्या कापायच्या नाहीत, हाताने उपटायच्या. एक काडी उभी धरा, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवा, टोकं उजवीकडे. मग सगळं डावीकडे पाव फेरा फिरवा आणि पुढची काडी आधीच्या काडीवर तशीच अडकवा. मधला भाग अंगठ्याने घट्ट दाबून ठेवा, वीण तिथेच सैल पडते. चारही टोकं दोऱ्याने बांधून क्रूस दारावर लावा. त्या रात्री एक कापडही बाहेर ठेवतात. ब्रिजिड जाता जाता त्याला स्पर्श करते आणि ते दुखण्याखुपण्यावर उपयोगी पडतं, अशी श्रद्धा आहे.

ब्रिजिड देवी की संत, या वादात पडू नका. अनेक आयरिश घरांत हा क्रूस कॅथलिक श्रद्धेनेच विणतात. तिथे बसून ‘हे मुळात आम्हा पेगनांचंच’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. २०२३पासून तिथे या सणाची सार्वजनिक सुट्टीही असते.

आणि त्याच वर्षचक्रातल्या, मार्चमधल्या ऑस्टारा सणाचे ससे-अंडी प्राचीन आहेत असं कुणाला सांगू नका. ज्या एओस्त्रे देवीशी हा सण जोडतात, तिचा उल्लेख बीड या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती मठवासीने ७२५च्या सुमारास केला, त्यात ससाही नाही आणि अंडंही नाही.