ज्या घरात कुणी आजारी नाही

कराड

प्रिय मुली,

सोमवारी तू अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून बीटवर, म्हणजे तुझ्याकडं दिलेल्या अंगणवाड्यांच्या गटावर, रुजू होतेस. परवा फोनवर विचारलंस, "ताई, पुन्हा साथ आली तर आधी काय करायचं?" तेव्हा मला नदीकाठची एक कोपी, ऊसतोड मजुरांची झोपडी, आठवली आणि धड बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

मार्च 2020. गाळप हंगाम संपत आला होता आणि टाळेबंदी लागली. बीड-नगरकडच्या ऊसतोड टोळ्या इथंच अडकल्या. आम्हाला आदेश होता ताप-खोकल्याच्या माणसांची यादी करायचा. त्या कोपीत कुणाला ताप नव्हता. मी वहीत 'निरंक' लिहिलं आणि पुढं निघाले. सहज मागं पाहिलं, तर नऊ-दहा वर्षांची पोरगी कडेवर भावाला घेऊन चुलीपुढं बसली होती. ताटलीत अर्धी भाकरी, ती पाण्यात कुस्करून त्याला भरवत होती. परत गेले, पोराच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, लाल पट्ट्यात, म्हणजे तीव्र कुपोषण. आणि माझ्या वहीत त्या घरापुढं 'निरंक'!

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. ज्या घरात कुणी आजारी नाही, तिथलं मूल आधी बघ. कोरोनानं मुलांना मोठ्यांइतकं आजारी पाडलं नाही, हे खरंच. पण बापाची मजुरी बुडाली, अंगणवाडी बंद झाली, शाळेतली खिचडी थांबली, लसीकरणाचं सत्र पुढं गेलं. हातावर पोट असलेल्या घरावर हे सगळं एकदमच कोसळतं. चुकलेल्या डोसांची किंमत तर पुढं 2022 मध्ये दिसली. मुंबईत आणि मालेगावात गोवर उफाळला, लेकरं दगावली.

आहार घरपोच दिला, सही घेतली, की काम झालं असं मानू नकोस. त्या वेळी आपण गहू, हरभरा, मसूरडाळ, तिखट-मीठ वाटलं. शिधा एका पोराच्या नावचा, खाणारी तोंडं सहा. त्या आईला बोल लावू नकोस, तिच्या जागी तू-मीही तेच केलं असतं. सहीवर विसंबू नकोस, वजनकाटा घेऊन जा.

कागदांचं मात्र मी जरा सविस्तर सांगते, कारण तिथं आपण फार मुलं गमावली. आई-बाप दोघंही कोरोनात गेले त्या मुलांसाठी राज्यानं पाच लाखांची ठेव दिली, केंद्रानं दहा लाखांची तरतूद केली. पण बाप गेला आणि आई उरली, अशी घरं कितीतरी जास्त. त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना होती. तेव्हा महिन्याला 425 रुपये, मग 1,100, पुढं 2,250. योजनेला आता आपल्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या सावित्रीबाईंचं नाव आहे. 1897 च्या प्लेगात आजारी पोराला उचलून दवाखान्यात नेणारी ती बाई. आणि इथं कितीतरी आयांना एक पालक असलं तरी ही मदत मिळते, हेच ठाऊक नव्हतं. ज्यांना कळलं, त्यांचं रेशनकार्ड सासरी आणि त्या माहेरी. मृत्यूच्या दाखल्यावर नावात चूक. एक बाई चार महिने तहसीलला खेटे घालत होती, शेवटी एसटीचं भाडं परवडेना म्हणून तिनं नाद सोडला. मला हे वर्षभरानं समजलं. तू दहाव्या-तेराव्याला भेटायला जाशील तेव्हाच दाखल्याची चौकशी कर. वाईट दिसेल असं वाटून गप्प बसू नकोस.

अजून एक सल आहे. माण तालुक्यातली आठवीतली मुलगी, माझ्या ओळखीच्या घरातली. शाळा बंद होती. सुरू असती तर गैरहजेरी गुरुजींच्या लक्षात आली असती. पन्नास माणसांत, भल्या पहाटे, वस्तीवर लग्न उरकलं. पत्रिका नाही, मांडव नाही, खर्च नाही, म्हणून बापाला तो मोका वाटला. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, हे मला माहीत होतं. मुलांच्या मदतीचा फोन नंबर 1098 माहीत होता. माहीत नव्हतं ते एवढंच, की तिच्या घरी दोन महिन्यांत कुणी डोकावलेलंच नाही. मीसुद्धा नाही.

यादीचा नमुना वरून येईल तसा भर. पण शेवटी हातानं एक रकाना आख: घरात मुलं किती, आणि आज काय खाल्लं. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

त्या कोपीतल्या पोराला दवाखान्यात न्यायला गाडी मिळेना, तेव्हा त्याची बहीण माझ्या मागं त्याला घेऊन चालत आली, अनवाणी. एप्रिलच्या मध्यावर टोळ्यांना घरी जायची मुभा मिळाली तोवर पोरगं पिवळ्या पट्ट्यात आलं होतं.

तीच पट्टी पाकिटात ठेवली आहे. रंग फिके झालेत, आकडे अजून दिसतात.

तुझी,
ताई