एटीव्ही (वाळूवर चालवायची चार जाड चाकांची गाडी) उलटून मोडलेल्या मनगटाचं प्लास्टर निघालं, पण मूठ वळत नाही. फिजिओथेरपी करू की गावी जाऊन मालिश करून घेऊ?

मालिश नको. तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनी ताजा एक्सरे बघून स्वतः हो म्हटल्याशिवाय तर अजिबात नको.

माझा मुलगा मित्रांबरोबर अलिबागजवळ नागावच्या समुद्रकिनाऱ्यावर गेला होता. ओल्या वाळूवर एटीव्ही छान पळते, पण ओहोळाच्या काठाला वाळू भुसभुशीत. तिथे पुढचं चाक रुतलं, गाडी कलंडली, हात टेकायला गेला आणि कोपर निखळलं. भूल देऊन बसवलं, स्लॅब म्हणजे अर्धं प्लास्टर लावलं आणि डॉक्टरांनी ते लवकरच काढून व्यायाम सुरू केला. कोपर फार दिवस बांधून ठेवलं की आखडतं, म्हणून. फिजिओवाली मुलगी टेबलावर पावडर टाकून त्याला तळहात पुढे सरकवायला लावायची, स्वतःच्या ताकदीने, जाईल तेवढाच. तिने हात धरून कधी ओढला नाही. घरी भिंतीवर बोटं चढवत न्यायची आणि पोचतील तिथे मी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करायची.

घास तोंडापर्यंत जायला लागला, शर्टाचं वरचं बटण लागायला लागलं, आणि गावाला लग्न निघालं. मी हळदीच्या गडबडीत असताना मोठ्या दिरांनी त्याला परस्पर एका मालिशवाल्याकडे नेलं. त्याने तेल चोळून कोपर सरळ करायला दाबलं. रात्रीपर्यंत ते सुजून गरम झालं. पुढच्या एक्सरेत सांध्याच्या पुढे ढगासारखा पांढुरका डाग दिसला. स्नायूत हाड धरू लागलं होतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. कोपराची दुखापत ताजी असताना चोळलं, जोराने ताणलं की याचा धोका असतो, आणि एकदा झालं की ते हाड पक्कं होईपर्यंत ऑपरेशनलाही सहसा हात घालत नाहीत. आज मुलाचा हात पूर्ण सरळ होत नाही. त्याची बॉलिंग सुटली.

भाऊजी अजून चारचौघांत सांगतात, डॉक्टरने प्लास्टर जास्त दिवस ठेवलं म्हणून आखडला. चौकटीवरच्या खुणा लग्नापर्यंत वर चढत होत्या, लग्नानंतर खाली आल्या. यावर त्यांच्याकडे उत्तर नाही, फक्त ‘आमच्या वेळी सगळे असेच बरे व्हायचे’ हे वाक्य आहे. बरे न झालेल्यांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या मनगटाचं म्हणाल, तर प्लास्टरनंतर ते काही काळ कडक राहतंच, घाबरू नका. कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडा-मिटा, प्रत्येक बोट वेगळं वळवा, अंगठा करंगळीच्या मुळाशी न्या. एकदाच खूप करण्यापेक्षा दिवसभरात थोडं थोडं. कोपर आणि खांदाही हलवत राहा, मनगटाच्या नादात खांदा धरतो. सूज असेल तर झोपताना हात उशीवर घ्या. भरलेली बादली आणि बाइकचा क्लच डॉक्टरांनी सांगेपर्यंत नको. मात्र हाताला नुसता कपडा लागला तरी आग होत असेल, कातडी चकचकीत झाली असेल, रंग बदलत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरकडे जा. पडताना डोकं आपटलं असेल आणि आता डोकेदुखी वाढत असेल किंवा झापड येत असेल तरीही लगेच जा. मेंदूवरचा रक्तस्राव कधीकधी आठवड्यांनी कळतो.

एक सांगायला हवं, कोपर निखळल्यावर मालिश न करताही असं हाड धरू शकतं, हे आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. शिवाय मनगट म्हणजे कोपर नव्हे. जुन्या गुडघेदुखीला तेल लावायलाही माझी हरकत नाही, माझ्या सासूबाईंना मी स्वतः लावते. पण मोडलेला, निखळलेला सांधा दुसऱ्याने जोर लावून ओढणं वेगळं. तुमच्या घरात मालिशीचा आग्रह कोण धरतंय ते तुम्हाला ठाऊक असेलच. त्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि हा प्रश्न डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा.