जुना गेम नव्यानं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी उदगीरला बी.एस्सी.ला आहे. मित्राच्या डीएसवर (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं यंत्र) 'पोकेमॉन हार्टगोल्ड' खेळलो. हा तर जुन्याच गेमचा रिमेक आहे. मग समीक्षकांनी एवढा का उचलून धरला, सर?

उत्तर : मूळ 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' १९९९चे, गेमबॉयवरचे. 'हार्टगोल्ड' आणि 'सोलसिल्व्हर' जपानात सप्टेंबर २००९ मध्ये आले. दहा वर्षांत कथा बदलली नाही, बदलला तो हाताळण्यातला सुखावा. पिशवी, नकाशा, सगळं खालच्या टचस्क्रीनवर आलं. आपला पोकेमॉन मागेमागे चालू लागला. वळून त्याच्याशी बोललं की त्याचा मूड कळतो. एवढीशी गोष्ट, पण मला विचारशील तर रिमेकचा जीव तिच्यातच आहे. शिवाय जोहतो हा पहिला प्रदेश संपल्यावर अख्खा कांतो प्रदेश उघडतो, एकूण सोळा बॅजेस (जिंकून मिळवायची पदकं). मूळ गेमचं हे वैभव त्यांनी जपलं.

सोबत पोकेवॉकर नावाचं पावलं मोजणारं यंत्र मिळायचं. वीस पावलांना एक वॉट, म्हणजे त्या यंत्रातलं चलन. दौलताबादचा किल्ला चढून आलास तर गेममध्ये त्याची कमाई जमा! मेटाक्रिटिकवर (समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारी वेबसाइट) शंभरपैकी सरासरी ८७ गुण पडले. तक्रारीही झाल्या : चित्रं जुन्या वळणाची आहेत, कथा ओळखीची आहे. जपानबाहेर गेममधलं जुगाराचं स्लॉट मशीन काढून 'व्होल्टॉर्ब फ्लिप' हा पत्ते उलटायचा कोड्याचा खेळ घातला, तोही अनेकांना रुचला नाही. तरी जपानात दोन दिवसांत १४ लाखांवर प्रती गेल्या आणि जगभरात सव्वा कोटींच्या पुढे.

प्रश्न : समीक्षकांचे गुण कमी असले तरी गेम खपतो का? (परभणीहून एक वाचक)

उत्तर : खपतो, आणि चांगलाच. २०२१चे 'ब्रिलियंट डायमंड' व 'शायनिंग पर्ल' बघा, तेही जुन्या 'डायमंड' आणि 'पर्ल'चे रिमेक. मेटाक्रिटिकवर जेमतेम ७३. पण पहिल्याच आठवड्यात सुमारे ६० लाख प्रती गेल्या. गुण कमी, आणि पुढे एकूण खप मात्र 'हार्टगोल्ड'-'सोलसिल्व्हर'पेक्षा जास्त झाला. लोक नाव आणि आठवण विकत घेतात. समीक्षकांचा राग वेगळा होता : मूळ गेमच्या २००८च्या सुधारित आवृत्तीत, 'प्लॅटिनम'मध्ये, झालेल्या बऱ्याच सुधारणा यात घेतल्याच नाहीत. मला तो राग पटतो. मूळ कलाकृतीवर प्रेम असणं म्हणजे तिच्या उणिवाही तशाच ठेवणं नव्हे.

प्रश्न : लेकरू 'हार्टगोल्ड'ची वापरलेली कार्ट्रिज मागतंय. विकणारा भरपूर पैसे सांगतो. असली कशी ओळखू? (लातूरची एक आई)

उत्तर : ताई, आधी रंग बघा. डीएसच्या बहुतेक कार्ट्रिज करड्या असतात, ही असली काळी असते. पोकेवॉकरशी बोलणारं इन्फ्रारेड कार्ट्रिजमध्येच बसवलेलं असल्यानं तिचं प्लास्टिक वेगळं आहे. करडी दिसली तर पैसे देऊ नका. मग गेम सेव्ह करा, डीएस बंद करून पुन्हा चालू करा; सेव्ह टिकला पाहिजे. हे सगळं दुकानातच, पैसे देण्याआधी करा.

मूळ 'गोल्ड'ची कार्ट्रिज स्वस्तात मिळत असेल तर एक लक्षात ठेवा : तिच्यात सेव्ह बॅटरीवर राहतो आणि इतक्या वर्षांनी ती बॅटरी बहुधा संपलेली असते. 'हार्टगोल्ड'मध्ये ती भानगड नाही. पोकेवॉकर मिळाला तर त्याचा सेल बदलून बघा. सीआर२०३२ सेल घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो.